लिंबू शेवटी, सांबार त्याहून शेवटी

महागाव तालुक्यातल्या घरांत जेवणाचा आधार भाकरी-पोळीचा. भात असतो, पण थोडा. वरणाबरोबर दोन घास, कढीबरोबर दोन घास. म्हणून तो बहुतेक रोज उरतो. उरला की दुसऱ्या दिवशी त्याला फोडणी बसते, वर लिंबू पिळलं जातं, मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, पडतो. मुलं आवडीने खातात. कुणालाच त्यात वावगं वाटत नाही.

माझं सांगणं एवढंच आहे. लिंबू-सांबाराचा भात जरूर करा. पण ताज्या भाताचा करा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात खपवायची युक्ती म्हणून करू नका. निदान होळीपासून मृग लागेपर्यंत तरी नाहीच.

कारण ऐका. तांदळाबरोबर शेतातल्या मातीतले काही जंतू घरात येतात. भात शिजवला की ते मरतात, पण त्यांची बीजं मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत पडून राहिला की ही बीजं जागी होतात, वाढतात आणि भातात विष सोडतात. हे विष पुन्हा तापवून जात नाही. फोडणी कितीही कडकडीत द्या. लिंबू दोन पिळा नाही तर चार पिळा. एकदा तयार झालेलं विष तसंच राहतं.

आणि वासावरून ते नेहमी कळतही नाही. भात आंबलेला नसतो, तार सुटलेली नसते, तरी खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात. त्यात वर लिंबाचा आंबटपणा, हिंग, मिरची. मग उरलीसुरली शंकाही झाकली जाते. मोठा माणूस दिवसभरात सावरतो. लहान मूल आणि म्हातारं माणूस मात्र पाणी कमी होऊन लवकर गळतं. तसं झालं तर जीवनजल पाजायला लागा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. घरच्या काढ्यात वेळ घालवू नका.

शिजलेला भात बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हा साधा नियम. आपल्याकडे मे महिन्यात घरातसुद्धा अंगाची लाही होते. तेव्हा एकच तास धरा.

आता भाताकडे वळू.

तांदूळ कोणता घ्यावा? मोकळा होईल असा. विदर्भातल्या किराणा दुकानात हमखास मिळणारा एचएमटी याला चांगला. हा तांदूळ दादाजी खोब्रागडे यांनी शोधला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं एक गाव आहे. आपल्या शेजारचं नांदेड नव्हे. तिथल्या या अल्पभूधारक शेतकऱ्याला १९८३ साली आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्यांचं बी निराळं राखलं, पुढच्या वर्षी निराळं पेरलं, आणि असं करत करत नवा बारीक तांदूळ उभा केला. त्या काळी नावाजलेल्या घड्याळावरून त्याला एचएमटी म्हणू लागले. दादाजी २०१८ साली गेले. त्यांचा तांदूळ आज आपल्या डब्यात आहे, हे मुलांना जेवताना सांगा.

दुकानदाराला विचारा, तांदूळ जुना आहे का. वर्षभर मुरलेला तांदूळ मोकळा शिजतो. नवा तांदूळ चिकटतो. त्यात लिंबाचा रस पडला की गोळाच होतो. गोळाभात हा आपला वेगळा पदार्थ आहे. हा तो नव्हे.

रेशनचा तांदूळही चालतो. तो जाडा असतो, म्हणून धुऊन २० मिनिटं भिजवा आणि पाणी थोडं कमी घाला.

रेशनच्या तांदळाबद्दल एक गोष्ट मनातून काढून टाका. त्यात काही दाणे निराळे दिसतात. रंगाला थोडे वेगळे, कधी पाण्यावर तरंगणारे. ते प्लास्टिकचे आहेत असं समजून बायाबापड्या निवडून फेकतात. फेकू नका. ते दाणे तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रावर पाडलेले असतात. १०० किलो तांदळात साधारण १ किलो या प्रमाणात ते मिसळतात. तांदूळ दोनदाच धुवा, चोळून चोळून पाचपाचदा नको. भिजवलेल्या पाण्यातच शिजवा आणि पेज काढून ओतून देऊ नका. नाही तर त्या दाण्यांतलं सत्त्व मोरीत जातं. घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, तर हा तांदूळ रोज द्यावा का, हे एकदा डॉक्टरांना विचारा.

या भातात लिंबू घालण्याचा खरा फायदाही इथेच आहे. लिंबातलं सी जीवनसत्त्व अन्नातलं लोह अंगी लागायला मदत करतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे दोन घरं घेतली तर त्यातल्या एकीला थकवा आहे, दम लागतो आहे, आणि ती ते काम खूप आहे म्हणून सोडून देते. लिंबाने हा आजार बरा होत नाही. दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच. पण जेवणात लिंबू असलं तर चार पैशांत थोडी मदत होते. मात्र जेवण झाल्या झाल्या चहा घेतला, तर ती मदत वाया जाते. चहा लोह अडवतो. जेवण आणि चहा यांत तासभर अंतर ठेवा. घरातल्या बाईने तर नक्की ठेवा. सगळ्यांचं वाढून झाल्यावर ती उभ्या उभ्या जेवते आणि लगेच चहाचं आधण ठेवते, हे आपण सगळे रोज बघतो.

पाच-सहा माणसांना तोंडीलावण्यापुरता भात करायचा तर दोन वाट्या तांदूळ पुरे. हा भात ताटभर खायचा नाही. भाकरी, एखादी कोरडी भाजी, कढी किंवा पातळ वरण, आणि बाजूला वाटीभर हा. मधुमेह असेल तर अर्धी वाटी.

जुन्या तांदळाला एका वाटीमागे पावणेदोन वाट्या पाणी घाला. कुकरला दोन शिट्ट्या. झाकण आपोआप सुटलं की भात लगेच बाहेर काढा. आत राहिला तर आपल्याच वाफेने मऊ होतो. मोठ्या परातीत पसरा, वर चमचाभर तेल सोडा आणि काट्याने किंवा उलथन्याच्या टोकाने हलकेच मोकळा करा. पंख्याखाली १०-१५ मिनिटांत वाफ निघून जाते. भात पूर्ण गार व्हायला नको. हाताला सोसेल इतका कोमट असला की कालवायला घ्या.

भात गार होतोय तोवर लिंबाचं काम उरका. लिंबू पातळ सालीचं, हाताला जड लागणारं घ्या. पिवळं असेल तर रस जास्त, हिरवं असेल तर वास जास्त. टणक लिंबू फ्रिजमधून काढून तसंच कापू नका. थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा, मग ओट्यावर तळव्याखाली दाबून फिरवा. रस दीडपट निघाल्यासारखा वाटतो. दोन वाट्या तांदळाला मध्यम आकाराची तीन लिंबं लागतात. रस थेट भातावर पिळू नका. गाळणीतून वाटीत पिळा. एखादी बी भातात गेली आणि दाताखाली आली, की पुढचा सगळा घास कडू.

वास हवा असेल तर साल वाया घालवू नका. कापण्याआधी लिंबू नीट धुवा, पुसा आणि किसणीच्या बारीक बाजूवर हलकेच दोनचार वेळा फिरवा. फक्त वरचा हिरवा-पिवळा थर यायला हवा. खालचा पांढरा भाग लागला की कडवटपणा आलाच. चिमूटभर कीस सगळ्या भाताला पुरतो. हे फार कमी घरांत करतात. एकदा करून बघा.

रसातच मीठ विरघळवा. दीड चमचा मीठ आणि अर्धा चमचा साखर. साखर गोडीसाठी नाही, आंबटपणाची धार कमी व्हावी म्हणून. नको असेल तर सोडा. रक्तदाब असलेल्यांनी मीठ हात राखून घालावं. लिंबू असलं की कमी मीठही चालून जातं.

लिंबाचा रस ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका. कल्हई उडालेल्या पितळेच्या परातीत तर मुळीच नको. आंबट लागलं की धातू अन्नात उतरतो. स्टीलची परात घ्या, काचेची नाही तर चिनीमातीची वाटी घ्या.

आता फोडणी. तीन मोठे चमचे तेल. शेंगदाण्याचं असेल तर उत्तम, करडईचं असेल तरी छान. तेल तापलं की आधी मूठभर शेंगदाणे मंद आचेवर खमंग तळून बाजूला काढा. काळे पडलेले, सुरकुतलेले, खवट दाणे आधीच निवडून फेका. बुरशी लागलेला दाणा तळून चांगला होत नाही. घरात चार-पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याच्या भातात अख्खा दाणा घालू नका. तो श्वासनळीत अडकतो. कूट करून घाला.

त्याच तेलात मोहरी तडतडू द्या. मग जिरं, चमचाभर हरभऱ्याची डाळ, चमचाभर उडदाची डाळ. डाळी लालसर झाल्या की हिंग, उभ्या चिरलेल्या तीन-चार हिरव्या मिरच्या, १०-१२ पानं गोडलिंब, म्हणजे कढीपत्ता. गोडलिंब धुऊन पुसून घ्या, नाही तर तेल अंगावर उडतं. सगळ्यात शेवटी गॅस बंद करून अर्धा लहान चमचा हळद. गरम तेलात जास्त वेळ राहिली की ती काळपट होते.

हळद आपल्या शिवारातच होते. उमरखेड-पुसदच्या पट्ट्यात पिकते, पलीकडे वसमत-हिंगोलीचा बाजार आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची हळकुंडं घ्या आणि गिरणीतून दळून आणा. भडक पिवळी सुटी पूड, भाव निम्मा, अशी हळद दिसली तर हात आवरा. रंगात भेसळ करणारे आहेत, आणि त्या रंगात शिसं असू शकतं. ते मुलांच्या मेंदूला घातक.

फोडणी भातावर ओता. उलथन्याने खालून वर, खालून वर असं हलवा. मग लिंबाचा रस. मग सालीचा कीस. आणि सगळ्यात शेवटी सांबार.

हा क्रम मोडू नका. कढईत, गॅस सुरू असताना लिंबू पिळलं तर रस कडू होतो, वास उडून जातो, आणि ज्या जीवनसत्त्वासाठी आपण ते घातलं तेही उष्णतेने बरंचसं निघून जातं. सांबार गरम फोडणीत टाकला तर काळा पडतो. हॉटेलात भात कढईतच परततात, कारण त्यांना घाई असते. तुम्हाला नाही.

कालवल्यावर १० मिनिटं झाकून ठेवा आणि मग वाढा. तेवढ्यात दाण्यात रस मुरतो. रंगही उघडतो. हळद आंबटात उजळ पिवळी दिसते, हे तुमच्या लक्षात येईल. तळलेले दाणे वाढताना घाला, कुरकुरीत राहतात.

सांबार किती घ्यावा? चिरून अर्धी वाटी. कोवळ्या काड्या फेकू नका, खरा वास काड्यांत असतो. जून, जाड काड्या तेवढ्या वरणात टाका. पुदिना असेल तर आठ-दहा पानं हातानेच तोडून घाला. जास्त घातला तर भात पुदिन्याच्या गोळीसारखा लागतो.

पावसाळ्यात सांबाराच्या जुडीला माती फार असते. मुळं कापा, पसरट भांड्यात भरपूर पाणी घेऊन जुडी बुडवा, हलवा, वर उचला. माती खाली बसते. पाणी ओतून पुन्हा तसंच. जुडीसकट पाणी ओतलं तर माती परत पानांवर बसते. तीन पाण्यांनंतर कापडावर निथळू द्या. ओला सांबार भातात घातला की भात चिकट होतो.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. वावरात पऱ्हाटीच्या किंवा तुरीच्या ओळीत, धुऱ्यावर, आपण घरापुरता सांबार टाकतो. चांगली सवय आहे. पण त्या पिकावर फवारणी झाली असेल तर तो सांबार घरी आणू नका. धुतल्याने सगळं विष जात नाही. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात गेले. ती औषधं किती जहाल असतात हे आपल्याला कुणी बाहेरून येऊन सांगायची गरज नाही. घरचा सांबार घरापाशी लावा. जुनं घमेलं, फुटकी बादली, काहीही चालेल. फक्त औषधाचा रिकामा डबा नको. तो कितीही धुतला तरी नको. धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करा, पेरा, वर पातळ माती टाका. महिना-सव्वा महिन्यात कापणीला येतो. उन्हाळ्यात दुपारची सावली द्या.

जागा असेल तर परसात एक कागदी लिंबू आणि एक गोडलिंब लावाच. दोन्ही झाडं एकाच कुळातली. म्हणून तीच अळी दोन्हीकडे दिसते. लहानपणी ती पाखराच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी असते, मोठी झाली की पानासारखी हिरवी. बोट लावलं तर डोक्यामागून लाल-केशरी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. घाबरू नका. एक-दोन झाडांसाठी फवारा काढायचं कारण नाही. सकाळी हाताने वेचा.

लिंबाचं झाड घरी असलं की भावाची चिंता मिटते. नसेल तर हिशेब समजून घ्या. आंबिया बहाराची लिंबं पावसाळ्याच्या तोंडाशी निघतात, तेव्हा ती स्वस्त असतात. एप्रिल-मेमध्ये विकायला येणारं लिंबू हस्त बहाराचं. त्यासाठी झाडाला ऐन पावसाळ्याच्या शेवटी पाण्याचा ताण द्यावा लागतो, आणि पाऊस तर तेव्हा पडतच असतो. म्हणून तो बहार थोड्यांनाच साधतो आणि उन्हाळ्यात लिंबू कडाडतं. त्या दिवसांत दुकानातलं लिंबूसत्व आणून भातात घालू नका. आंबटपणा येतो, वास येत नाही, सत्त्व तर नाहीच. त्यापेक्षा कैरी घ्या. एक मध्यम आंबट कैरी किसून फोडणीत मिनिटभर परता, बाकी सगळं तेच. पैनगंगेपलीकडे, आदिलाबादच्या बाजूला असा आंबट भात सणाच्या ताटात असतो. पुलिहोरा म्हणतात त्याला. कधी चिंचेचा, कधी लिंबाचा, कधी कैरीचा. कर्नाटकात चित्रान्न. आपण त्यात सांबार सढळ हाताने घालतो, एवढाच आपला फरक.

वावरात न्यायच्या शिदोरीत हा भात द्यावा का? वेचणीच्या दिवसांत, थंडीत, सकाळी केलेला भात पूर्ण गार करून द्या आणि न्याहारीलाच संपवायला सांगा. गरम भात डब्यात कोंबून झाकण लावलं की तो दुपारपर्यंत कोमटच राहतो, आणि नेमकं तेच नको. उन्हाळ्यात मात्र भाकरी, जवसाची चटणी आणि कांदा द्या. भात संध्याकाळी घरी.

कालचा भात वापरायचाच असेल तर रीत अशी. रात्री जेवण होताच उरलेला भात पसरट ताटात काढा, वाफ गेली की झाकून लगेच फ्रिजमध्ये. सकाळी तेवढाच बाहेर काढा, फोडणीत वाफ येईपर्यंत परता, उतरवून मग लिंबू. परत उरला तर परत ठेवू नका. रात्री वीज तासन्‌तास गेली असेल तर फ्रिजवर विसंबू नका. तो भात टाकून द्या. फ्रिज नसेल तर मोजून शिजवा. वाटीभर कमी पडला तर भाकरी आहेच. भात टाकायला जीव होत नाही हे मलाही कळतं. अन्न टाकू नये असंच आपल्याला शिकवलं आहे. पण दोन रुपयांच्या भातासाठी सलाईनचा खर्च ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

आणि गावाच्या महाप्रसादाचं. मसालेभात जड पडतो म्हणून हल्ली काही ठिकाणी लिंबाचा भात करतात. पहाटे मोठ्या गंजात भात शिजतो, तिथेच ढीग करून झाकतात, पंगती मात्र दुपारी दोनपर्यंत चालतात. ढिगाच्या पोटातला भात तासन्‌तास कोमट राहतो. त्यापेक्षा तांदूळ दोन-तीन घाण्यांत शिजवा. फोडणी एकदाच करून ठेवली तरी चालते. लिंबाचा रस आणि चिरलेला सांबार वेगळा ठेवा आणि पंगत बसली की तेवढाच भात कालवा. पुढच्या भंडाऱ्याची जबाबदारी तुमच्या गल्लीकडे असेल, तर आचाऱ्याशी हे आदल्या दिवशीच बोलून ठेवा.